फेरोशसलीचा फोटो

मास्तरांच्या धाकट्या लेकीला जुळे मुलगे झाले, त्या वर्षीची ही गोष्ट. दोन भाऊ एका पाळण्यात नाकाला नाक लावून झोपलेले तिने पाहिले आणि हट्टच धरला, की आपले वडील आणि आपले मोठे काका यांनी आता बोलायला लागलेच पाहिजे. मास्तर आणि त्यांचे दादा यांनी अबोला धरला त्याला इतकी वर्षे झाली होती, की नातेवाईकही ते विसरून जात आणि दोघांना एकाच लग्नात शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसवून ठेवत.

लेकीने दोन्हीकडे खिंड लढवली. दादा आपले घर आवरून कायमचे दूर मुलाकडे राहायला निघाले होते. त्यांची गाडी दुपारी मास्तरांच्या गावावरून जाणार होती. इथे इंजिन बदलतात, त्यामुळे गाडी बराच वेळ थांबते.

"बाबा, फक्त फलाटावर उभं राहायचं आणि हात पुढे करायचा. बाकी काही बोलू नका. तुम्ही बोलायला लागलात की घोटाळा होतो."

"आणि दादा काय म्हणाले?"

"हो म्हणाले. पण हेही म्हणाले, की तो आला नाही तर माझा भाऊ मेला असं मी समजेन."

मास्तर त्या रात्री नीट जेवले नाहीत. त्यांनी दुसऱ्या दिवशीचा सदरा स्वतः इस्त्री केला आणि कॉलर जाळून ठेवली.

आता नेमका तोच दिवस त्यांनी दुसऱ्या कामाला का दिला, हे सांगितले पाहिजे. मास्तर शाळेतल्या मुलांसाठी इंग्रजी शब्दांचे सचित्र पुस्तक तयार करत होते. एकेका शब्दाला अर्थ, त्याचा उगम, तो वापरायचा कसा, आणि खाली एक फोटो. फोटोच्या बाबतीत मास्तरांचा नियम कडक होता. चित्र चालणार नाही आणि सोंगही चालणार नाही. जे दाखवायचे ते खरोखर घडत असले पाहिजे. 'काळजीपूर्वक' या अर्थाच्या शब्दासाठी फोटोवाल्याने आपल्या सासऱ्याचा जिना चढतानाचा फोटो काढला होता. 'जिवाच्या आकांताने' साठी तोच सासरा, जिन्यावर पाल दिसल्यानंतरचा. पुस्तक एफ अक्षरापर्यंत मजेत आले आणि 'फेरोशसली'पाशी अडले. छापखानेवाला म्हणाला होता, आज फोटो द्या, नाहीतर उद्यापासून माझी मशीन दुसऱ्याची.

"म्हणजे रागाने ना?" फोटोवाला म्हणाला. "माझ्या बायकोचा काढू का? नुसतं विचारलं तरी निघेल."

"रागाने नाही हो. राग कोणालाही येतो. मूळ लॅटिन शब्द बघा. पहिला तुकडा म्हणजे रानटी. आणि शेपटाशी जो तुकडा आहे त्याचा संबंध डोळ्याशी, दिसण्याशी. ज्याच्या डोळ्यांत रान दिसतं तो. तसं होऊन एखादी गोष्ट करायची, ती फेरोशसली. माणूस फेरोशसली भांडतो, फेरोशसली काम करतो, एखादी आई फेरोशसली मुलाला जपते. मला डोळे पाहिजेत. बाकी काही नाही आलं तरी चालेल."

"मग कुत्राच बरा," फोटोवाला म्हणाला. "माणसं कॅमेरा बघितला की केस सारखे करतात."

फोटोवाल्याचा स्टुडिओ म्हणजे दातांच्या डॉक्टरच्या डोक्यावरची एक खोली. एक जिना, एक दार, रस्त्याच्या बाजूला गज असलेली एक खिडकी, आणि मागच्या भिंतीवर तळे आणि हंस रंगवलेला पडदा. त्या दिवशी सकाळी एका मोठ्या गोदामाचा पहारेकरी आपला कुत्रा घेऊन तिथे आला. कुत्रा वासराएवढा होता. पहारेकरी रात्रपाळी करून आला होता आणि उभ्या उभ्या झोपत होता.

"नाव काय याचं?" मास्तरांनी लांबूनच विचारले.

"गोदामात सगळे मॅनेजर म्हणतात."

"चावतो का?"

"आल्यागेल्या माणसाला काही करत नाही. म्हणजे आलेल्याला तर काहीच नाही." त्याने मोठी जांभई दिली. "तुमचं काम झालं की निवांत बसून राहा. गडबड करू नका. मी पाळीवर जाताना संध्याकाळी घेऊन जातो."

निवांत बसा, हे त्याने पाहुणचाराच्या भाषेत म्हटले असे दोघांना वाटले. मास्तरांनी उलट त्यालाच "तुम्हीही निवांत झोपा" असे सांगितले. तो गेला. कुठे राहतो, हे विचारायचे कोणाला सुचले नाही.

मग दोघांनी मॅनेजरला चिडवायला सुरुवात केली. फोटोवाल्याने मांजराचा आवाज काढला. मॅनेजरने मान वाकडी करून कौतुकाने ऐकला. मास्तरांनी छत्री उगारली. मॅनेजरने ती अलगद तोंडात धरून काढून घेतली आणि त्यांच्या पायाशी आणून ठेवली. त्याच्यासमोर बिस्किटे धरून मागे घेतली, तेव्हा तो इतक्या समजूतदारपणे बघत राहिला, की मास्तरांनाच लाज वाटून त्यांनी सगळा पुडा दिला. फोटोवाला मधे मधे फोटो काढत होता, कारण पुढच्या क्षणी काही होईल असे त्याला दर वेळी वाटायचे. रीळ संपत आले. रिळात जिभल्या चाटणारा, जांभई देणारा आणि पोट वर करून लोळणारा मॅनेजर भरला होता.

"मास्तर, एकच फोटो उरलाय."

"तो राहू द्या. स्टेशनवरून आलो की बघू." मास्तरांनी घड्याळ पाहिले, छत्री घेतली आणि ते दाराकडे वळले.

मॅनेजर उठला. तो भुंकला नाही. दाराच्या उंबऱ्यावर आडवा उभा राहिला, मान खाली घातली आणि त्याने मास्तरांकडे पाहिले. त्याच्या छातीतून असा आवाज आला, की कोपऱ्यातल्या टेबलावरच्या काचेच्या बशा थरथरल्या.

मास्तर एक पाऊल उचललेल्या स्थितीतच थांबले. आणि तशाही अवस्थेत ते ओरडले, "हेच! हेच ते डोळे! घ्या, घ्या!"

घेणार कोण? फोटोवाला टेबलावर चढला होता. कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर दाराशेजारी उभा होता, म्हणजे मॅनेजरच्या हद्दीत. मास्तर मागे सरकले. मॅनेजरने लगेच शेपूट हलवले आणि एक बिस्किटाचा कण राहिला होता तो चाटून टाकला.

"मास्तर," फोटोवाला वरून हळूच म्हणाला, "हा आत येऊ देतो. बाहेर जाऊ देत नाही."

"असं कुठे असतं?"

"गोदामाचा आहे हो. चोर आत शिरला तर शिरू दे, पण मालक येईपर्यंत सुटता कामा नये. आलेल्याला काही करत नाही असं तो म्हणाला होता. गेलेल्याचं त्याने काही सांगितलंच नाही."

मास्तरांनी पुन्हा घड्याळ पाहिले. गाडी यायला अजून अवकाश होता. पण तो संध्याकाळपर्यंत पुरणारा नव्हता.

त्यांनी खिडकीशी जाऊन खाली हाका मारल्या. रस्त्यावर एकाने वर बघून नमस्कार केला. खालच्या दवाखान्यातून मात्र दातांचा डॉक्टर बाहेर आला. "काय झालं?"

"कुत्रा सोडत नाही! वर येऊ नका, कोणाला तरी बोलवा!"

"कुत्रा ना? अहो, माझ्या लहानपणी घरात चार होते." डॉक्टर हातातला चिमटा घेऊनच वर आला. मॅनेजरने त्याला वाट करून दिली, त्याचा हात हुंगला, आणि डॉक्टरने सवयीने त्याचा ओठ वर करून पाहिला. "व्वा! दात बघा! इतके सुंदर दात माणसात बघायला मिळत नाहीत. याला घाबरलात? चला माझ्यामागून."

तो वळला. मॅनेजरने ते सुंदर दात त्याला पुन्हा दाखवले, या वेळी सगळे. डॉक्टर उलट्या पावलांनी मागे सरकत पडद्यावरच्या हंसांना जाऊन टेकला.

"आता?" मास्तर म्हणाले.

"आता काय? खाली माझा रोगी खुर्चीत बसलाय. अर्धं तोंड बधिर केलंय त्याचं. जागा झाला म्हणजे दाढ दुखायला लागेल."

"झोपलाय का तो?"

"तो नाही हो, जबडा!"

इतक्यात जिन्यावर चपला वाजल्या. मास्तरांची बायको नवऱ्याला न्यायला आली होती. दीर कितीही रागावलेला असला तरी त्याला रिकाम्या हाताने पाठवायचे नाही, म्हणून हातात डबा होता.

"काकू, तिथेच थांबा!" फोटोवाला टेबलावरून ओरडला.

"का? फोटो चालू आहे का?" असे विचारेपर्यंत ती आत होती आणि मॅनेजर तिच्या डब्याशी गोडीगुलाबीने बोलत होता. "अगं बाई, किती गुणी आहे! अहो, चला ना. गाडी यायची वेळ झाली. मी इस्त्रीचा दुसरा सदरा आणलाय, कॉलर असलेला."

तिला सगळे सांगावे लागले. तिचा विश्वास बसेना. ती दाराकडे निघाली आणि विश्वास बसला. मग तिने डबा उघडून मॅनेजरसमोर ठेवला आणि नवऱ्याला खूण केली. मॅनेजर खात राहिला. मास्तर भिंतीला चिकटून एकेक बोट सरकत उंबऱ्यापाशी आले. मॅनेजरने खाणे न थांबवता फक्त डोळे वर केले. मास्तर तितकीच बोटे मागे आले.

लांबून शिट्टी ऐकू आली. गाडी आली होती.

मास्तर खिडकीचे गज धरून उभे राहिले. इथून स्टेशनची पत्र्याची छपरे दिसत आणि त्यावरून येणारा धूर दिसे. तिथे कुठेतरी त्यांचा भाऊ दारात उभा राहून फलाटावरची तोंडे बघत असणार. मास्तरांचे ओठ हलत होते. बायको जवळ गेली.

"काय म्हणताय?"

"काही नाही. हात पुढे करून काय बोलायचं त्याची मी तयारी केली होती."

"पोरगी म्हणाली होती ना, बोलू नका म्हणून."

"म्हणूनच तयारी केली होती. थोडकंच होतं."

डॉक्टरने चिमटा खिशात घातला. फोटोवाला टेबलावरून उतरला आणि कॅमेऱ्याच्या दिशेने एक हात लांब केला. मॅनेजर गुरगुरला. फोटोवाल्याने हात परत आणून डोके खाजवले, जणू तो त्यासाठीच बाहेर काढला होता.

बराच वेळ गेला. मग रस्त्यावरून एक आवाज आला. दादांनी जन्मभर लाकूड कापायच्या गिरणीत मुकादमी केली होती. करवतीच्या वर आवाज काढायची सवय अशी जडली होती, की त्यांनी कानात सांगितलेले गुपित पलीकडच्या घरात कळायचे.

"कुठाय तो? घरी नाही, स्टेशनवर नाही! शेजारीण म्हणते फोटो काढायला गेलाय! भावाला भेटायच्या वेळी फोटो काढतोय!"

मास्तर खिडकीतून जीव खाऊन ओरडले, "दादा! वर येऊ नका!"

खाली जाणारे-येणारे थांबून वर बघू लागले.

"काय म्हणालास?" दादांनी वर पाहिले. "दारात पण उभं करत नाहीस मला? मी गाडी टाकून आलो, आणि वर येऊ नका?"

"तसं नाही दादा, कुत्रा—"

"आणि कुत्रा म्हणतोस?"

पुढचे शब्द जिन्यावरच्या पावलांत बुडाले. दादा दारात आले तेव्हा त्यांचे तोंड लाल झाले होते. मॅनेजर अदबीने बाजूला झाला.

"मी बसायला आलो नाही," दादा म्हणाले. "एकच वाक्य बोलायला आलोय. आईची शेवटची भेट तू चुकवलीस. मला कळवलं नाहीस. आज समोरासमोर सांगितलं, आता संपलं. चाललो मी."

ते वळले आणि मॅनेजरसमोर आले.

लहानपणापासून त्या घरातले एकही भांडण पुरे झालेले नव्हते. दादांचे वाक्य झाले की दादा निघून जायचे, आणि मास्तरांचे उत्तर बंद दारावर आपटायचे. आई गेली तेव्हाही तसेच झाले होते. दादा उंबऱ्यावरूनच बोलले आणि उंबऱ्यावरूनच परतले होते. आज पहिल्यांदा जाणाऱ्याला जाता येत नव्हते.

"हा कोणाचा?" दादांनी मान न वळवता विचारले.

"गोदामाचा. संध्याकाळपर्यंत सोडणार नाही. म्हणून मी आलो नाही स्टेशनवर. म्हणूनच वर येऊ नका म्हणत होतो."

"मला काय करायचंय! माझी गाडी सुटेल!"

"सुटू दे!" मास्तर म्हणाले. आणि आजवर दादांना कधी अरे-तुरे न केलेला तो माणूस एकदम लहान भावासारखा बोलू लागला. "सुटू दे तुझी गाडी! तू कधी थांबलास का रे? एकदा तरी पुढचं ऐकलंस? आईने सांगितलं होतं मला, त्याला कळवू नकोस!"

"खोटं!"

"खरं! म्हणाली, तो आला की मोठ्याने रडेल आणि मला झोप लागायची नाही!"

"माझी आई असं म्हणाली?"

"आपली आई!"

"मी मोठ्याने रडतो?" दादा ज्या आवाजात हे ओरडले, त्याने पडदा हलला आणि हंस पोहल्यासारखे वाटले. ते तडक भावाच्या अंगावर गेले, बोट त्याच्या नाकापर्यंत नेले. "बापाच्या वेळी कोण रडलं होतं मोठ्याने? तू! मी तुला कडेवर घेऊन बाहेर नेलं होतं! आणि मला ती झोपमोड म्हणते? मी आयुष्यभर तिच्या खोलीत चपला काढून जायचो!"

"मला काय माहीत? तेव्हा मी त्या घरात नव्हतो!"

"हेच! हेच म्हणतोय मी! तू नव्हतास तेव्हा मी होतो, आणि शेवटी मी नव्हतो!"

मॅनेजर आता दोघांकडे तोंड करून पुढचे पाय पसरून बसला होता. कोणीही दाराकडे जात नव्हते, त्यामुळे त्याला काही काम नव्हते. मास्तरांच्या बायकोच्या ते ध्यानात आले. तिने छत्री घेतली, मुठीचे टोक तिकाटण्याच्या पायाला अडकवले आणि कॅमेरा आपल्याकडे ओढू लागली. मॅनेजरने एक कान हलवला. ती थांबली आणि पुन्हा ओढू लागली. तिकाटणे इंच इंच सरकले.

फोटोवाल्याने कॅमेऱ्याला डोळा लावला. समोर दादांचे डोळे होते. त्यांत रान होते, करवती होत्या, फलाटावर शोधलेली सगळी तोंडे होती. भावाचेही तसेच होते. त्याने खटका दाबला आणि लख्खकन उजेड पडला.

दोघे भाऊ दचकून एकदम म्हणाले, "तू मधे पडू नकोस!"

स्टेशनकडून पुन्हा शिट्टी आली. दादांची गाडी त्यांची ट्रंक, वळकटी आणि चष्मा घेऊन निघून गेली. दादा खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि तिचा धूर दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. मग भावजयीकडे न बघता म्हणाले, "तू होतीस तिथे. तू सांग."

"होते, भाऊजी. अगदी असंच म्हणाल्या. आणि हसल्या. मग म्हणाल्या, उद्या कळवा, आज झोपू द्या. तो उद्या काही आला नाही."

दादा स्टुलावर बसले. त्यांनी तोंडावर हातरुमाल धरला. आणि त्या खोलीत कोणालाही, अगदी जवळ बसलेल्या मॅनेजरलाही, काही ऐकू आले नाही.

संध्याकाळी पहारेकरी आला तेव्हा खोलीत पाच माणसे जमिनीवर बसली होती. डॉक्टरचा रोगी केव्हाच शुद्ध शब्दांत शिव्या देत घरी गेला होता. "बसलात ना निवांत? बरं केलंत," असे म्हणून पहारेकऱ्याने साखळी उचलली. मॅनेजर सगळ्यांचा निरोप घेऊन गेला. दार उघडे राहिले. डॉक्टर पळाला. फोटोवाला रीळ धुवायला बसला. मास्तर उठून उभे राहिले आणि त्यांनी हात पुढे केला.

"बस खाली," दादा म्हणाले. "माझं अजून संपलेलं नाही."

पुस्तक निघाले तेव्हा एफ अक्षराच्या पानावर तो फोटो होता, आणि खाली इंग्रजी वाक्य होते, त्याचा अर्थ, 'दोघे भाऊ फेरोशसली भांडत आहेत.' त्याच फोटोतला मॅनेजर तेवढा कापून पुढे पी अक्षराशी 'धीराने' या अर्थाच्या शब्दाला लावला होता. दादांनी एक प्रत मुलाच्या घरी नेली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली. "डोळे बघा," ते म्हणायचे. "माझे मोठे आलेत. त्याचे लहानपणापासून बारीकच."

त्यानंतर ते दर वर्षी उन्हाळ्यात भावाकडे येऊ लागले. येताना परतीचे तिकीट काढत नसत.

मॅनेजर दोन वर्षांनी थंडीत मेला. दादा त्याच्यानंतरच्या उन्हाळ्यात, एका मंगळवारी सकाळी, मास्तरांच्या घरी वारले. मास्तर जवळ होते.